राख आणि समुद्राचं पाणी: धातू किती सुटतात ते पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

कचरा जाळून उरलेली राख समुद्राच्या पाण्यात गेली तर तिच्यातून शिसं, जस्त, तांबं किती सुटतं हे मोजायचं काम पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मला वाटलं यात काय एवढं, राख घ्यायची, पाणी ओतायचं, हलवायचं, गाळायचं आणि मशीनला द्यायचं. या नादात सुरुवातीचे दोन महिने पार वाया गेले. म्हणून जे आत्ता सुरू करतायत त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, कुठे पाय घसरतो ते सुद्धा.

कोणी म्हणेल राख समुद्रात टाकतंच कोण. सिंगापूरचं सेमाकाऊ लँडफिल बघा, समुद्रातच ७ किलोमीटरचा बांध घालून केलंय आणि १९९९ पासून तिथे जाळलेल्या कचऱ्याची राख जाते, अर्थात बांधाला आतून मेम्ब्रेन आणि चिकणमातीचा थर आहे. टोकियोच्या खाडीतही असे भराव आहेत. आणि वाईट उदाहरण हवं असेल तर खियान सी नावाचं जहाज, १९८६ मधे फिलाडेल्फियाची सुमारे १४ हजार टन राख घेऊन निघालं, कुठलाच देश उतरवून घेईना, १९८८ मधे हैतीच्या किनाऱ्यावर ४ हजार टनांच्या आसपास टाकली आणि उरलेली सरळ समुद्रात गेली.

१. आधी विचारा, राख कुठली?

'राख' ही एक वस्तू नाहीये. भट्टीच्या जाळीवरून खाली पडते ती बॉटम अ‍ॅश, दिसायला खडीसारखी, त्यात काच, विटांचे तुकडे, खिळे, अ‍ॅल्युमिनियमचे वितळलेले गोळे असं काहीही सापडतं. धुरातून गाळून काढतात ती फ्लाय अ‍ॅश, पिठासारखी बारीक. १०० किलो घरगुती कचऱ्यातून साधारण २० ते २५ किलो बॉटम अ‍ॅश निघते आणि फ्लाय अ‍ॅश (धूर साफ करताना निघणारा गाळ धरून) २ ते ५ किलो. पण कॅडमियम, शिसं, जस्त हे भट्टीच्या उष्णतेत वाफ होऊन धुराबरोबर जातात आणि थंड झाल्यावर त्या बारीक कणांवर जाऊन बसतात, त्यामुळे कमी वजनाची ती फ्लाय अ‍ॅशच जास्त जहाल असते. शिवाय धुरातलं आम्ल मारायला चुना फवारतात, म्हणून तिच्यात चुना आणि क्लोराईडचं मीठ दोन्ही भरपूर.

तिसरी गोष्ट म्हणजे वय. ताज्या बॉटम अ‍ॅशचा पीएच ११ ते १२ च्या वर असतो, तीच राख काही महिने उघड्यावर पडली की हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषते आणि पीएच ८ ते १० पर्यंत उतरतो. तिच्यातून धातू सुटायची तऱ्हाच मग बदलून जाते. मला मिळालेल्या पोत्यावर नुसतं 'राख' लिहिलेलं होतं आणि मीही विचारलं नाही, मग दोन पोत्यांचे आकडे जुळेनात म्हणून आठवडाभर डोकं खाजवत बसलो, शेवटी कळलं की एक पोतं ताजं होतं आणि दुसरं वर्षभर ढिगात पडलेलं.

२. काय काय जमवायचं

कागदपत्रं:
- राख कुठल्या प्लांटची, कुठल्या तारखेची, पाण्यात विझवली की कोरडी काढली, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम आधीच वेगळं केलंय का, फ्लाय अ‍ॅश मिसळलीय का, हे लिहिलेला सॅम्पल फॉर्म
- राख न्यायची-आणायची आणि लॅबमधे ठेवायची लेखी परवानगी
- जी पद्धत वापरणार तिचा मूळ स्टँडर्ड, कोणीतरी केलेला सारांश नको
- बांधीव वही, सुटे कागद हरवतात

सामान:
- प्लास्टिकच्या (एचडीपीई) १ लिटरच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून धुतलेल्या
- बाटल्या उलट्या-सुलट्या फिरवणारा रोटेटर
- ४ मिलिमीटरची चाळणी, ओव्हन, तराजू
- पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज देणारा)
- ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, सिरिंज किंवा व्हॅक्यूम पंप
- ट्रेस मेटल ग्रेडचं, म्हणजे स्वतःत धातू नसल्यातच जमा असं नायट्रिक आम्ल
- चांगला मास्क, हातमोजे, चष्मा

मास्कची टाळाटाळ करू नका. फ्लाय अ‍ॅशच्या धुळीत शिसं-कॅडमियम तर असतंच, डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही असतात.

३. पाणी: खरं की बनवलेलं?

दोन्ही चालतं, पण एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. खऱ्या समुद्राच्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य असतं, जीव असतात, ते खरं चित्र दाखवतं, पण दर वेळी थोडं वेगळं निघतं. बनवलेलं पाणी दर वेळी सारखं. नवीन माणसाने बनवलेल्यापासून सुरुवात करावी असं माझं मत.

एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेची डी ११४१ नंबरची रेसिपी बहुतेक जण वापरतात. १ लिटरला सोडियम क्लोराईड २४.५३ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईड ५.२०, सोडियम सल्फेट ४.०९, कॅल्शियम क्लोराईड १.१६, पोटॅशियम क्लोराईड ०.६९५, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट ०.२०१, आणि पुढे ब्रोमाईड, बोरिक आम्ल, स्ट्रॉन्शियम, फ्लोराईड अगदी चिमूट चिमूट. पीएच ८.२ ला आणायचा. सगळे क्षार एका भांड्यात एकदम ओतू नका, गढूळ होतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियमचं द्रावण वेगळं करा आणि बाकीच्यात शेवटी हळूहळू ढवळत घाला. आणखी एक, मॅग्नेशियम क्लोराईड लॅबमधे बहुतेक वेळा पाणी धरलेल्या खड्यांच्या रूपात मिळतं, रेसिपीतलं वजन कोरड्याचं आहे, ते बदलून घ्या नाहीतर मॅग्नेशियम निम्म्याहून कमी पडेल आणि पुढे कळेल की नेमकं तेच महत्त्वाचं होतं.

इथला सापळा: मिठाची शुद्धता. मिठात किलोमागे फक्त १ मिलिग्रॅम शिसं असलं तरी तुमच्या लिटरभर पाण्यात आधीच जवळजवळ २५ मायक्रोग्रॅम शिसं आलं, राख घालायच्या आधी! म्हणून पाणी बनवलं की पहिलं सॅम्पल त्या कोऱ्या पाण्याचंच मशीनला द्या.

४. राख तयार करणं

पोत्याच्या वरवरची मूठभर उचलायची नाही. सगळी राख प्लास्टिकवर पसरा, ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, परत ढीग करा, असं करत लागेल तेवढ्यावर या. कंटाळवाणं आहे पण बॉटम अ‍ॅशमधे तांब्याच्या तारेचा एक तुकडा इकडे आला की तिकडे नाही आला, तेवढ्यानेही आकडा उड्या मारतो.

४ मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे फोडून चाळणीतून जाऊ द्यायचे, पण पीठ करू नका, कारण जेवढं बारीक कराल तेवढे ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि खऱ्या राखेपेक्षा जास्त धातू सुटलेला दिसतो. न फुटणारे धातूचे तुकडे बाजूला काढून त्यांचं वजन लिहून ठेवा.

ओलावा वेगळ्या थोड्या राखेवर १०५ अंशाला वाळवून काढा. टेस्टसाठीची राख मात्र ओव्हनमधे घालायची नाही.

५. बाटल्या भरणं

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे ईएन १२४५७-२ हा युरोपीय स्टँडर्ड, कोरड्या राखेच्या वजनाच्या १० पट पाणी आणि २४ तास फिरवणं. मूळ पद्धत शुद्ध पाण्यासाठी आहे, आपण त्या जागी समुद्राचं पाणी घालतोय एवढं रिपोर्टमधे स्पष्ट लिहायचं.

हिशेब असा. राखेत १५ टक्के ओलावा असेल आणि १०० ग्रॅम ओली राख घेतली, तर कोरडी ८५ ग्रॅम, म्हणजे एकूण पाणी ८५० मिलिलिटर हवं. त्यातलं १५ राखेतच आहे, म्हणून वरून ८३५ ओतायचं.

एका राखेसाठी कमीत कमी एवढ्या बाटल्या लावा: समुद्राच्या पाण्यात ३, शुद्ध पाण्यात ३, आणि राख न घालता दोन्ही पाण्यांच्या एकेक कोऱ्या बाटल्या, त्यांनाही २४ तास तेवढंच फिरवायचं. शुद्ध पाण्याच्या बाटल्या वगळायचा मोह होतो. वगळू नका, कारण समुद्राने नेमकं काय बदललं ते तुलनेशिवाय सांगताच येत नाही.

टीसीएलपी नावाची टेस्ट तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल, कारण तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तिच्यात अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात, कुजणाऱ्या कचऱ्याच्या डेपोत राख पडली तर काय होईल ते बघायला. समुद्रात तसलं आम्ल नाही. ती इथे लावायची नाही.

आणि धोका! ताज्या राखेत अ‍ॅल्युमिनियम धातू शिल्लक असतो, अल्कलीत तो हायड्रोजन वायू सोडतो. घट्ट बंद बाटली फुगते, माझी एक टम्म फुगून रोटेटरमधून निसटली होती. पहिले एक-दोन तास मधेमधे थांबवून झाकण हळूच सैल करा, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

६. पीएच, सगळी गोम इथेच

माझ्यासारखंच तुम्हालाही वाटेल की खारं पाणी म्हणजे धातू जास्त सुटणार. काही धातूंच्या बाबतीत खरं आहे, काहींच्या बाबतीत बरोब्बर उलटं. याचं कारण नुसतं मीठ नाही, मॅग्नेशियम आहे.

शुद्ध पाण्यात ताजी राख टाकली की पीएच १२ च्या आसपास जातो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ५३ मिलिमोल मॅग्नेशियम असतं. पीएच साडेनऊच्या पुढे जायला लागला की ते हायड्रॉक्साईड पकडून पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं, आणि जोवर मॅग्नेशियम शिल्लक आहे तोवर पीएचला वर चढूच देत नाही. बाटलीत दुधासारखं पांढरं दिसलं तर घाबरू नका, ते हेच. मी पहिल्यांदा बाटली खराब झाली समजून ओतून दिली होती.

आता गणित करा. एक मॅग्नेशियम दोन हायड्रॉक्साईड खातं, म्हणजे एका लिटरची ताकद झाली १०६ मिलिमोल. राखेला १० पट पाणी दिलं तर किलोभर राखेच्या वाट्याला १० लिटर, म्हणजे जवळपास १ मोल हायड्रॉक्साईड मारता येतं. २ पटच पाणी दिलं तर फक्त ०.२ मोल. त्यामुळे तीच राख, तेच पाणी, पण कमी पाण्यात मॅग्नेशियम संपून जातं आणि पीएच उडी मारून ११-१२ ला जातो. ढिगाच्या पोटात भिजलेली राख आणि लाटांच्या तोंडाशी असलेली राख यांच्यात हाच फरक पडतो. म्हणून जमलं तर २ पट आणि १० पट अशा दोन्ही बाटल्या लावाच.

मग धातूंचं काय होतं?

शिसं आणि जस्त दोन्हीकडे विरघळणारे, आम्लातही आणि कडक अल्कलीतही, मधल्या ८ ते १० च्या पट्ट्यात सगळ्यात कमी. म्हणून ताज्या, चुना भरलेल्या राखेतून शुद्ध पाण्यात शिसं धो धो सुटतं आणि समुद्राच्या पाण्यात पीएच खाली ओढला गेल्यामुळे बरेचदा कमी सुटतं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी लेबलं उलटी लागली असं समजून सगळं परत केलं.

कॅडमियमचं वेगळं. समुद्रात लिटरमागे १९ ग्रॅमच्या वर क्लोराईड आहे आणि कॅडमियम क्लोराईडला घट्ट धरतं, म्हणून एकदा पीएच ८-९ ला आला की खाऱ्या पाण्यात ते जास्त विरघळलेलं राहतं. पाऱ्याचंही तसंच. जुन्या, मुरलेल्या राखेत कॅडमियमवर जास्त लक्ष ठेवा.

तांबं राखेत न जळता उरलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून बाहेर येतं, त्यामुळे विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजलाच पाहिजे, नाहीतर तांब्याच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

बेरियम सोपं. समुद्रात सल्फेट भरपूर, बेरियम सल्फेट होऊन खाली बसतं, आकडा पडतो.

अँटिमनीची गोष्ट बाकीच्यांच्या उलटी, कडक अल्कलीत कॅल्शियमशी बांधलेलं असतं आणि पीएच उतरला की सुटायला लागतं. म्हणजे ज्या मुरवण्यामुळे शिसं शांत होतं त्याच मुरवण्याने अँटिमनी जागं होतं. मोलिब्डेनम आणि सहा-संयुजी क्रोमियम ऋणभारित रूपात असतात, पीएच कसाही असला तरी बऱ्यापैकी सुटतात.

तर पीएच सुरुवातीला, ४ तासांनी आणि शेवटी २४ तासांनी मोजा. मीटरचं टोक आधी कोऱ्या समुद्राच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, एकदम गोड्या बफरमधून (मीटर जुळवायच्या द्रावणातून) खाऱ्यात नेलं की आकडा बराच वेळ सरकत राहतो.

७. गाळणं आणि साठवणं

फिरवणं थांबवा, १५ मिनिटं बसू द्या, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. पहिले काही मिलिलिटर फेकून द्या. गाळलेल्याचे दोन भाग करा: एक आम्ल न घालता, पीएच, कंडक्टिव्हिटी, क्लोराईड, सेंद्रिय कार्बन यासाठी (कार्बनचं काचेच्या बाटलीत, फ्रिजमधे), दुसरा नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून धातूंसाठी. आधी गाळायचं मग आम्ल. उलटं केलंत तर कणांवरचा धातूही विरघळतो आणि तुम्ही भलतंच मोजता. पारा मोजायचा असेल तर त्याची बाटली आणि पद्धत पूर्ण वेगळी, ते लॅबला आधीच विचारून ठेवा.

८. मशीन फसवतं

माझा सगळ्यात मोठा घोळ इथे झाला. आयसीपी-एमएसवर, म्हणजे आर्गॉनच्या प्लाझ्मात सॅम्पल टाकून वस्तुमानावरून धातू ओळखणाऱ्या मशीनवर, समुद्राच्या सगळ्या बाटल्यांत तांबं भरपूर दिसलं आणि मी खुशीत ग्राफ काढून मोकळा झालो. मग कोऱ्या बाटलीकडे नजर गेली, तिच्यातही तेवढंच तांबं! झालं असं होतं की मशीनमधला आर्गॉन आणि पाण्यातलं सोडियम एकत्र येऊन ४० अधिक २३ म्हणजे ६३ वस्तुमान होतं, आणि तांब्याचंही ६३ च. तसंच क्लोरीन आणि ऑक्सिजन मिळून ५१, म्हणजे व्हॅनेडियमचं सोंग. आर्गॉन आणि क्लोरीन मिळून ७५, आर्सेनिकचं सोंग. मीठ जेवढं जास्त तेवढी सोंगं जास्त.

यावर उपाय:
- हेलियमची कोलिजन सेल (असली सोंगं हेलियमवर आपटवून गाळणारा मशीनमधला कप्पा) चालू ठेवायला सांगा.
- पातळ करा. या मशीनला साधारण ०.२ टक्क्यांच्या वर क्षार सोसत नाहीत, समुद्राचं पाणी ३.५ टक्के, म्हणजे निदान २० पट. पण मग मोजता येणारी किमान पातळीही २० पट वर जाते हे विसरू नका, कॅडमियम त्यात हरवू शकतं.
- ते हरवत असेल तर किलेटिंग रेझिनवर धातू धरून मीठ धुऊन टाकायची पद्धत आहे, वेळखाऊ पण खात्रीची.
- स्टँडर्ड द्रावणं (ठाऊक प्रमाणाची, मशीन जुळवायला लागतात ती) शुद्ध पाण्यात नाही, तेवढ्याच खाऱ्या पाण्यात बनवा.
- एका सॅम्पलमधे ठाऊक असलेला धातू मुद्दाम घालून परत किती मिळतो ते बघा, आणि प्रमाणित समुद्री पाणी मिळालं तर तेही चालवा, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं नास आणि कास या नावांनी येतं.

लॅबला सॅम्पल देताना 'पाणी' असं लिहू नका, 'समुद्राचं पाणी, क्षार ३५ ग्रॅम प्रति लिटर' असं मोठ्या अक्षरात लिहा. फ्लाय अ‍ॅश असेल तर त्याहून जास्त, कारण तिचं स्वतःचं मीठही विरघळतं, कंडक्टिव्हिटी बघूनच पातळ करायचं प्रमाण ठरवा.

९. आकडे मांडणं

कोऱ्या बाटलीचा आकडा वजा करा, मग लिटरमागच्या मिलिग्रॅमला पाण्याच्या पटीने गुणा. ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर तांबं आणि १० पट पाणी असेल तर किलोभर कोरड्या राखेतून ४ मिलिग्रॅम सुटलं. दोन्ही एककं द्या, कारण समुद्रातल्या जिवांना लिटरमागचा आकडा लागू पडतो आणि राखेचा हिशेब ठेवणाऱ्याला किलोमागचा. प्रत्येक आकड्याशेजारी शेवटचा पीएच लिहा. तीन बाटल्यांचा नुसता सरासरी आकडा देऊ नका, तिन्ही दाखवा.

१०. २४ तासांच्या पुढे

बाटलीत पाणी तेच राहतं, समुद्रात बदलत राहतं. नवं पाणी म्हणजे नवं मॅग्नेशियम, नवं क्लोराईड, आणि विरघळलेलं वाहून जाणं. सिमेंटमधे बांधलेले राखेचे ठोकळे समुद्रात मासळीसाठी रचायचा प्रयोग अमेरिकेत १९८० च्या दशकात लाँग आयलंडजवळ झाला होता, तसल्या ठोकळ्यांना फिरवायची टेस्ट काही कामाची नाही. त्यांच्यासाठी टाकी टेस्ट, ठोकळा पाण्यात बुडवून ठेवायचा आणि ठरलेल्या वेळांनी सगळं पाणी बदलत दर वेळी मोजायचं. सुट्या राखेसाठी कॉलम, म्हणजे राख भरलेली उभी नळी, तिच्यात खालून वर पाणी ढकलायचं. दोन्हीला आठवडे-महिने लागतात, तेव्हा बाटल्यांचे निकाल हातात येईपर्यंत थांबू नका, टाकी पहिल्याच आठवड्यात लावून टाका.

काम झालं की उरलेलं पाणी सिंकमधे नाही, आम्लवालं आणि बिनआम्लाचं वेगवेगळ्या कॅनमधे, वर लेबल लावून. राखेचा निदान अर्धा किलो मात्र बंद डब्यात, हवा जाणार नाही असा, तारीख घालून ठेवा, कारण रिपोर्ट दिल्यावर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी हमखास विचारतं की अँटिमनी मोजलं होतं का.